अंतराळात जाऊन आलेली वस्तू विकत घेताना: आधी कागद, मग वस्तू

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तुम्ही एक फ्रेम पाहिली आहे. तिच्यात अपोलो ११ चं बोधचिन्ह छापलेला बीटा क्लॉथचा (अंतराळवीरांच्या सूटवर वापरलेल्या कापडाचा) पांढरा चौकोनी तुकडा आहे, शेजारी अंतराळवीराची सही असलेला फोटो आहे आणि खाली सोनेरी किनारीचं ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’. किंमत ८५ हजार रुपये. विक्रेता म्हणतोय, सगळं शंभर टक्के अस्सल. हे सर्टिफिकेट खरं की खोटं ते कसं ओळखायचं आणि फ्रेम घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची टपाल संग्राहक. अंतराळ टपालातून पुढे पदकं, ध्वज, चेकलिस्टची पानं याकडे वळले, आणि आता बरीच वर्षं इतरांच्या संग्रहांच्या याद्या करून देते, खरेदीआधी कागद तपासून देते. त्या अनुभवावरून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते: या कागदावर, या किमतीला ही फ्रेम घेऊ नका.

तुमचा खरा प्रश्न सर्टिफिकेट खरं आहे का, हा नाहीच. कापड अस्सल असेल, सही अस्सल असेल, सर्टिफिकेट देणाऱ्याने एक अक्षरही खोटं लिहिलेलं नसेल, आणि तरीही त्या फ्रेममधली एकही वस्तू जमीन सोडून वर गेलेली नसेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मजकूर वाचता येतो: ‘अपोलो ११ काळातील मूळ बीटा क्लॉथ, नासाच्या माजी कर्मचाऱ्याच्या संग्रहातून.’ या वाक्यात चंद्रावर गेल्याचा दावा कुठे आहे? कुठेही नाही. तो दावा तुमच्या मनाने केला, कारण फ्रेमची मांडणीच तशी आहे. विक्रेत्याला उद्या कोर्टात उभं केलं तरी तो म्हणेल, मी असं कधी लिहिलं?

बीटा क्लॉथ म्हणजे काचतंतूंचं कापड, त्यावर टेफ्लॉनचा लेप. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या यानात जमिनीवरच्या चाचणीदरम्यान आग लागून तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर केबिनमधल्या प्रत्येक जळाऊ वस्तूचा फेरविचार झाला आणि हे न पेटणारं कापड सूटवर, पिशव्यांवर, सगळीकडे आलं. सूटवरची बोधचिन्हंसुद्धा दोऱ्याने भरण्याऐवजी याच कापडावर छापली जाऊ लागली. छापताना अर्थातच फक्त तीन सूटपुरती छापली नाहीत. भरपूर छापली गेली, कर्मचाऱ्यांना, कंत्राटदारांना, पाहुण्यांना वाटली गेली. आज बाजारात दिसणारे बहुतेक तुकडे त्यातले. ते खरे आहेत, त्या काळातले आहेत, पण गेलेले नाहीत.

आणि इथे या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट येते. गेलेला तुकडा आणि न गेलेला तुकडा शेजारी ठेवले तर भिंगाखाली फरक दिसत नाही. प्रयोगशाळेत पाठवलात तर काचतंतू आणि टेफ्लॉन दोन्हींत सापडेल. १६ ते २४ जुलै १९६९ या दिवसांत केबिनच्या कप्प्यात पडून राहिलेल्या कापडावर प्रवासाची खूण राहत नाही. चंद्राची धूळ लागलेल्या वस्तू किंवा पुनःप्रवेशात होरपळलेले यानाचे भाग हे अपवाद. बाकी बहुतेक संग्राह्य वस्तूंच्या बाबतीत ‘ही वर गेली होती’ हे वस्तू सांगत नाही, कागद सांगतो. आपण जमीन घेताना माती हातात घेऊन मालक ठरवत नाही, सातबारा आणि फेरफार बघतो, तसंच हे आहे. केबिनमधल्या माणसापासून तुमच्यापर्यंत वस्तू कोणाकोणाच्या हातून आली, याची साखळी मिळाली पाहिजे. किंमत त्या साखळीची असते.

साखळीचं पहिलं टोक सगळ्यात मोलाचं. यानात कोणती वस्तू होती हे छातीठोकपणे सांगू शकणारे लोक मोजकेच: स्वतः अंतराळवीर, किंवा नासाची नोंद. अंतराळवीरांना स्वतःच्या सामानाची छोटी पिशवी न्यायची मुभा होती, तिला पर्सनल प्रेफरन्स किट म्हणतात, संग्राहकांच्या बोलण्यात पीपीके. त्याशिवाय संस्थेतर्फे जाणाऱ्या ध्वज-पदकांसाठी ऑफिशियल फ्लाइट किट असे. छोट्या ध्वजांपासून राइट बंधूंच्या विमानाच्या लाकडा-कापडापर्यंत (ते नील आर्मस्ट्राँग यांनी अपोलो ११ मधून नेलं होतं) बऱ्याच गोष्टी अशा मार्गाने गेल्या. परत आल्यावर अंतराळवीराने त्या भेट दिल्या किंवा पुढे विकल्या, तेव्हा सोबत पत्र दिलं, किंवा वस्तूवरच लिहून सही केली.

ते पत्र शब्दाशब्दाने वाचायचं असतं. नमुन्यादाखल अपोलो १५ ची पाकिटं बघा. डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वॉर्डन आणि जेम्स अर्विन यांनी १९७१ मध्ये परवानगी न घेता ३९८ टपाल पाकिटं सोबत नेली. त्यातली १०० आधीच ठरल्याप्रमाणे एका जर्मन तिकीटविक्रेत्याकडे गेली, बोभाटा झाला, १९७२ मध्ये तिघांवर कारवाई झाली, उरलेली पाकिटं सरकारने ताब्यात घेतली आणि वॉर्डन यांनी दावा लावल्यावर १९८३ मध्ये ती परत मिळाली. प्रकरण लाजिरवाणं होतंच. पण जर्मनीला गेलेल्या त्या १०० पाकिटांवरचा दाखला पाहा. हे पाकीट ‘फाल्कन’मध्ये (चंद्रावर उतरलेल्या त्यांच्या यानात), चंद्रावर हॅडली-अपेनाइन इथे, ३० जुलै ते २ ऑगस्ट १९७१ या काळात होतं, असं त्यावर लिहिलंय आणि खाली स्कॉट आणि अर्विन यांच्या सह्या आहेत. यान कोणतं, जागा कोणती, तारखा कोणत्या, सांगणारा कोण, चारही गोष्टी एका वाक्यात. तो माणूस त्या वेळी तिथे हजर होता. शिवाय चौकशीमुळे पाकिटांचा हिशेब झाला. म्हणून नियमबाह्य नेलेली ही पाकिटं आज या क्षेत्रातल्या उत्तम नोंद असलेल्या वस्तूंत मोडतात. मला कोणी आदर्श दाखला कसा असावा विचारलं तर मी हेच वाक्य दाखवते.

आता याच्या उलट टोक. अपोलो ११ च्या तिघांच्या खऱ्या सह्या असलेली, जुलै १९६९ चे खरे शिक्के असलेली पाकिटं मिळतात. त्यांना ‘इन्शुरन्स कव्हर’ म्हणतात. आपण परतलो नाही तर घरच्यांना विकून चार पैसे मिळावेत म्हणून अंतराळवीरांनी उड्डाणाआधी सह्या करून ती मागे ठेवली होती. ती वस्तू हृदय हलवून टाकणारी आहे, महागही आहे. पण तिचा अर्थच ‘मागे ठेवलेली’ असा आहे. ती गेलेली नाही. खरोखर गेलेली अपोलो ११ ची पाकिटं २१४. चंद्रावर शिक्का मारायचं राहून गेलं म्हणून ती परतल्यावर विलगीकरणात असताना शिक्कामोर्तब झाली आणि ह्यूस्टनच्या ल्युनर रिसीव्हिंग लॅबोरेटरीत क्वारंटाइनमुळे उशीर झाल्याचा रबरी शिक्का त्यांच्यावर आहे. सह्या आणि मोहिमेचं चित्र दोन्हींवर असतं. फरक शिक्क्यांचा, त्या एका ओळीचा आणि सोबतच्या पत्राचा.

म्हणून विक्रेत्याच्या वर्णनात हे शब्द आले की मी थांबते: ‘त्या काळातील’, ‘मोहिमेशी संबंधित’, ‘फ्लाइट क्वालिटी’, ‘बॅकअप’, ‘अंतराळवीराच्या खासगी संग्रहातून’. यातला एकही शब्द ‘गेली’ असं म्हणत नाही. शेवटचा तर फारच फसवा. स्वतः अंतराळवीराच्या पत्रात ‘ही वस्तू माझ्या संग्रहातली आहे’ एवढंच असेल, तर ती त्याच्या घरात होती इतकंच सिद्ध होतं. त्याच्या घरात न गेलेल्या शेकडो वस्तू असतात. ‘माझ्याबरोबर अमुक मोहिमेत होती’ हे वाक्य हवं. पुढचा बारकावा म्हणजे कुठपर्यंत गेली. चंद्राच्या पृष्ठभागावर उतरलेली, चंद्राभोवतीच्या कक्षेत मुख्य यानात राहिलेली, आणि फक्त पृथ्वीच्या कक्षेत गेलेली, या तीन पायऱ्यांत किमतीचा फरक प्रचंड असतो, आणि पत्रात ते स्पष्ट नसलं तर खालची पायरी धरूनच किंमत द्यायची.

तुमच्या फ्रेममधल्या सर्टिफिकेटचं काय? ते विक्रेत्याच्याच दुकानाने छापलंय. सहीची खात्री देणारी स्वतंत्र मंडळी असतात आणि त्यांचं मत कामाचं असतं, कारण अंतराळवीरांच्या नावाने यंत्राने मारलेल्या ऑटोपेन सह्या आणि नकली सह्या दोन्ही मुबलक आहेत. आर्मस्ट्राँग यांनी तर १९९० च्या दशकात मागेल त्याला सही देणं बंद केलं, त्यामुळे त्यांच्या नावाने बनावट माल जास्त. पण सही तपासणारा फक्त सहीबद्दल बोलतो. शेजारच्या कापडाबद्दल तो काही म्हणत नाही. एका फ्रेममध्ये दोन वस्तू ठेवल्या की एकीचा विश्वास दुसरीला आपोआप चिकटतो, हा या बाजारातला सगळ्यात जुना मार्ग आहे.

पत्र नसेल आणि वस्तूवर क्रमांक असेल तर काम वेगळ्या दिशेने होतं. चेकलिस्ट, पिशव्या, उपकरणं यांवर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतात, आणि प्रत्येक मोहिमेत काय सामान भरलं याच्या नासाच्या याद्या अभ्यासकांना उपलब्ध आहेत. मात्र सरावासाठी वापरलेल्या प्रतीही त्याच छापखान्यातल्या, त्याच रंगरूपाच्या. म्हणून भाग क्रमांक जुळला एवढ्याने भागत नाही, अनुक्रमांकही जुळावा लागतो.

याचं गाजलेलं उदाहरण अपोलो ११ च्या नमुन्यांच्या पिशवीचं. कॅन्ससमधल्या एका संग्रहालयाच्या माजी संचालकाला वस्तू परस्पर विकल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्याच्याकडून जप्त केलेल्या मालात नोंदीच्या गोंधळामुळे ही पिशवी भलत्याच नावाने राहिली आणि २०१५ मध्ये सरकारी लिलावात अवघ्या ९९५ डॉलरना विकली गेली. घेणाऱ्या बाईंनी क्रमांकाचा माग काढला, खात्रीसाठी पिशवी नासाकडे पाठवली. आतली धूळ चंद्राचीच निघाली, आणि नासाने पिशवी परत द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. त्यांनी सरकारी लिलावात रीतसर, प्रामाणिकपणे खरेदी केली होती म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २० जुलै २०१७ रोजी सदबीजच्या लिलावात तीच पिशवी १८ लाख डॉलरना गेली. लोक या गोष्टीतून ९९५ आणि १८ लाख हे दोनच आकडे लक्षात ठेवतात. मी मधली कोर्टाची पायरी लक्षात ठेवायला सांगते. वस्तू शंभर टक्के अस्सल, तरी ‘मालक कोण’ हा प्रश्न निराळा राहतोच. खरेदीची पावती आणि विक्रीचा रीतसर मार्ग नसता तर त्या बाईंच्या हाती काही उरलं नसतं.

मालकीचा प्रश्न खुद्द अंतराळवीरांनाही चुकला नाही. जिम लॉवेल यांची अपोलो १३ मधली चेकलिस्ट, जिच्यात त्यांनी संकटाच्या वेळी हाताने आकडेमोड केली होती, नोव्हेंबर २०११ मध्ये ३,८८,३७५ डॉलरना लिलावात गेली आणि नासाने विचारलं, ही विकायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? एडगर मिचेल यांच्याकडच्या अपोलो १४ च्या कॅमेऱ्यावरून तर सरकारने खटला भरला आणि शेवटी तो कॅमेरा संग्रहालयात गेला. मग सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ते १९७५ च्या अपोलो-सोयुझपर्यंतच्या अंतराळवीरांनी स्वतःकडे ठेवलेल्या वस्तूंवर त्यांची पूर्ण मालकी. चंद्राचे दगड आणि माती यातून वगळलेली. आणि हा कायदा त्यानंतरच्या स्पेस शटलच्या (नासाच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या यानांच्या) काळाला लागू नाही, हे विक्रेते सोयीने विसरतात. शटलमधली यंत्रसामग्री कोणी विकत असेल तर ती सरकारी भंगार-विक्रीतून रीतसर बाहेर पडल्याचा कागद मागायचा.

चंद्राची माती कोणी विकत असेल तर एकच सल्ला, बोलणं तिथेच थांबवा. अपोलो मोहिमांनी आणलेले ३८२ किलो नमुने अमेरिकन सरकारच्या मालकीचे आहेत. देशांना भेट दिलेले तुकडेही खासगी विक्रीसाठी नाहीत. होंडुरासला दिलेला खडा विकायला निघाला तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकन तपास अधिकाऱ्यांनी ग्राहक असल्याचं भासवून तो पकडला. कायदेशीर खासगी विक्रीचं ठळक उदाहरण सोव्हिएत बाजूचं: लूना १६ या यानाने १९७० मध्ये आणलेल्या मातीचे तीन कण सोव्हिएत सरकारने रॉकेट-अभियंते सर्गेई कोरोल्योव्ह यांच्या पत्नीला भेट दिले होते. ते १९९३ मध्ये ४,४२,५०० डॉलरना आणि २०१८ मध्ये ८,५५,००० डॉलरना विकले गेले. तिथेही भेटीचा कागद होता म्हणून विक्री झाली.

आपल्याकडच्या मालाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुम्ही शेवटी ‘भारतीय मोहिमेतलं काही मिळेल का’ असंही विचारलंय. चांद्रयान किंवा मंगळयानातून ‘जाऊन आलेलं’ काही कोणी विकत असेल तर ते खोटं आहे, कारण त्या मोहिमांतून पृथ्वीवर काहीच परत आलेलं नाही. इस्रोने कक्षेत पाठवून परत उतरवलेली कुपी म्हणजे एसआरई-१. ती १० जानेवारी २००७ ला गेली, २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरली, आणि ती बाजारातली वस्तू नाही. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून सॅल्युट ७ वर गेले. त्या निमित्ताने निघालेलं तीन रुपयांचं तिकीट आणि प्रथम दिवस पाकीट, त्यावर शर्मांची सही, असा ऐवज चांगल्या तिकीटविक्रेत्याकडे मिळतो. अवश्य घ्या, पण ते जमिनीवर छापलेलं, जमिनीवर शिक्का मारलेलं पाकीट आहे. ‘स्पेस कव्हर’ नावाखाली त्याचे दसपट पैसे मागणारे मी पाहिलेत. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ॲक्झिअम-४ मधून स्थानकावर जाऊन आले, त्यांच्या नावाने पुढच्या काळात बरंच काही विकायला येईल. तिथेही वस्तूबरोबर त्यांचं स्वतःचं लेखी वाक्य आहे का, हेच बघायचं.

आणि आकाशातून पडलेलं? २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष म्हणून त्यांची ओळख पटवली गेली, इस्रोची माणसं येऊन पाहणी करून गेली. त्यानंतर ‘असा तुकडा मिळाला तर ठेवू का’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ठेवू नका. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूची मालकी ती कुठेही पडली तरी मूळ मालकाचीच राहते. शिवाय टाकीत विषारी इंधनाचे अंश असू शकतात. हात न लावता पोलीस किंवा तहसील कार्यालयाला कळवायचं.

आता तुम्ही काय घ्यावं. हे पूर्णपणे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. भिंतीवर शोभेची फ्रेम हवी असेल तर त्या काळातला न गेलेला बीटा क्लॉथही सुंदर दिसतो, फक्त त्याला न गेलेल्याचा भाव द्यायचा, आणि तो ८५ हजारांच्या आसपासही नसतो. अंतराळवीराच्या हस्ताक्षराचं आकर्षण असेल तर सही वेगळी, तपासून घ्या. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर माझा सल्ला सरळ आहे, या रकमेत गुंतवणूक म्हणून घेऊ नका. पण ‘खरोखर वर जाऊन आलेली एक वस्तू माझ्या हातात असावी’ ही इच्छा असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून मला तीच वाटते, तर ती अगदी थोडक्या पैशांत पुरी होते.

एसटीएस-८ ची पाकिटं घ्या. ३० ऑगस्ट १९८३ ला ‘चॅलेंजर’ शटल रात्रीच्या अंधारात उडालं, शटलचं ते पहिलं रात्रीचं उड्डाण. त्यात अमेरिकेच्या टपाल खात्याने आणि नासाने मिळून दोन लाख साठ हजारांहून जास्त टपाल पाकिटं पाठवली होती. त्यांच्यावर ९ डॉलर ३५ सेंटचं गरुड आणि चंद्राच्या चित्राचं तिकीट आहे, प्रत्येकाला अनुक्रमांक आहे. ५ सप्टेंबरला यान परतल्यावर टपाल खात्याने स्वतः ती १५ डॉलर ३५ सेंटना लोकांना विकली. म्हणजे साखळीचं पहिलं टोक खुद्द सरकारी टपाल खातं, मालकीबद्दल शंका नाही. संख्या मोठी म्हणून नकली करण्यात कोणाला फायदा नाही. आजही ती काही हजार रुपयांत मिळतात.

आणि त्याच उड्डाणाच्या मालवाहू कक्षात आपला इन्सॅट-१बी होता. ३१ ऑगस्टला तो शटलमधून सोडला गेला. दूरदर्शनचं जाळं गावोगाव पोचलं, हवामानाची छायाचित्रं मिळू लागली, त्यामागे हा उपग्रह होता. तो उपग्रह जिथून निघाला त्याच कक्षात ही पाकिटं ठेवलेली होती. मराठी घरातल्या संग्रहाची सुरुवात करायला मला तरी याहून योग्य वस्तू माहीत नाही. मी नव्या संग्राहकांना नेहमी हीच पहिली घ्यायला सांगते, आणि त्यांच्या हातात ती पडते तेव्हाचा आनंद मला अजून जुना वाटत नाही.

पुढच्या पायरीवर दोन गोष्टी. अपोलोच्या मुख्य यानावर कॅप्टॉन (Kapton) नावाच्या चकचकीत फॉइलचा थर होता. समुद्रातून यान बाहेर काढल्यावर त्याचे उरलेले पापुद्रे निघाले, ते काढणाऱ्यांकडून पुढे आले, आणि आज त्यांचे बारीक कण कार्डावर किंवा ॲक्रिलिकमध्ये बसवून मिळतात. इथे मूळ मोठा तुकडा कोणाकडून आला हे कार्डावर नावानिशी असलं पाहिजे. दुसरं, नासाने कर्मचाऱ्यांना वाटलेली ॲल्युमिनियमची पदकं: अपोलो ११ च्या पदकावर लिहिलेलं असतं की त्यात चंद्राकडे जाऊन आलेल्या यानाचा धातू मिसळलेला आहे. पदक स्वतः गेलेलं नाही, धातूचा अंश गेलेला आहे. विक्रेता हा फरक स्वतःहून सांगतो का, यावरून त्याची पारख होते.

खूप नंतर, बजेट वाढलं तर रॉबिन्स पदकांकडे वळा. अपोलो ७ पासून पुढच्या मोहिमांसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबिन्स कंपनीने पाडलेली ही चांदीची क्रमांकित पदकं अंतराळवीर स्वतः विकत घेऊन सोबत नेत. काही मोहिमांत पाडलेली सगळी पदकं वर गेली नाहीत, म्हणून क्रमांक याद्यांशी पडताळल्याशिवाय हात घालू नये. माझ्या मते माहितीसाठी दिलेला वेळ आणि वस्तूसाठी दिलेला पैसा यांचा सगळ्यात चांगला मेळ याच पदकांत बसतो.

तूर्त विक्रेत्याला हे लिहून पाठवा: ही वस्तू कोणत्या मोहिमेत, कोणत्या यानात होती? असं लेखी कोणी म्हटलंय, आणि तो माणूस त्या वेळी कोण होता? त्याच्याकडून तुमच्यापर्यंत मधे कोणाकोणाकडे होती? मूळ पत्र मिळेल की झेरॉक्स? खोटं निघालं तर पैसे परत, किती मुदतीत? सरळ विक्रेता दोन दिवसांत उत्तर देतो. ‘सर्टिफिकेट आहे ना, मग काय हवं’ असं उत्तर आलं तर विषय मिटला.

परदेशातल्या लिलावातून घेणार असाल तर हातोडा पडलेल्या किमतीवर पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रीमियम (लिलावगृहाचं शुल्क), वर कुरिअर आणि विमा, हे आधी धरा. कस्टम्समध्ये टपाल पाकिटं ९७०४ आणि ऐतिहासिक संग्राह्य वस्तू ९७०५ या शीर्षाखाली येतात. पार्सलवर नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘मेटल आयटम’ लिहिलं की अडकलंच, म्हणून पाठवणाऱ्याला नीट वर्णन आणि पावती जोडायला सांगा. चांदीच्या पदकांना वेगळे नियम लागू शकतात, आणि दर बदलत असतात, तेव्हा मागवण्याआधी क्लिअरिंग एजंटला विचारून घ्या.

घरी आल्यावर पाकीट पीव्हीसीच्या अल्बममध्ये घालू नका, पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, डबाबंद करून सिलिका जेल टाका आणि पुड्या बदलत राहा. चांदीचं पदक काळं पडलं तरी पॉलिश करू नका. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगली रंगीत प्रत काढून ती फ्रेम करा, उन्हाने शाई उडते. पावती, पत्रव्यवहार, विक्रेत्याच्या पानाची छापील प्रत, सगळं एका फायलीत वस्तूबरोबर ठेवा, आणि घरात एकाला तरी ती फाईल दाखवून ठेवा. चांगले संग्रह पुढच्या पिढीत कवडीमोल होतात ते बहुतेक वेळा वस्तू आणि कागद वेगवेगळ्या कपाटांत गेल्यामुळे.

विक्रेत्याचं उत्तर आलं की त्यातला मजकूर जसाच्या तसा इथे टाका, आणि शक्य असल्यास फ्रेमच्या मागच्या बाजूचा फोटोही. वाचून सांगते.